काष्टीला न थांबणारी गाडी: सुट्टी संपवून घरी परतण्याचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन्स परत एकदा हरवलेत, त्यांच्यासाठी आजचा भाग लिखित स्वरूपात. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, त्यामुळे भाषा थोडी घरगुती वाटली तर समजून घ्या.

आजची गोष्ट सुरू होते दौंडच्या प्लॅटफॉर्मवर.

माझी पुतणी, वय वर्षं आठ, उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा दिवस माझ्याकडे पुण्याला राहायला आली होती. सारसबाग झाली, कात्रजचं प्राणिसंग्रहालय झालं, पेशवे पार्कातली फुलराणी झाली. फुलराणी म्हणजे लहान मुलांची छोटी रेल्वे, १९५६ सालापासून चालू आहे. माझे वडील त्यांच्या लहानपणी तिच्यात बसले होते, मी माझ्या लहानपणी बसलो, आता ही. शेवटच्या दिवशी तुळशीबागेत जाऊन तिनं आजीसाठी बांगड्या घेतल्या आणि स्वतःसाठी तीन हेअरबँड. मग बॅग भरली आणि आम्ही पुणे स्टेशनवरून दौंडची गाडी पकडली. ठरलं असं होतं की दौंडला माझा भाऊ मोटारसायकल घेऊन येणार आणि आम्हाला काष्टीला नेणार.

भावाला यायला उशीर होता. आम्ही प्लॅटफॉर्मवर बाकावर बसलो. तेवढ्यात नगर-मनमाडकडे जाणारी एक एक्सप्रेस निघायच्या तयारीत उभी राहिली. पोरीनं विचारलं, "काका, ही आपल्या काष्टीतनं जाते ना?"

"जाते."

"मग आपण हिच्यात का नाही बसत?"

"ती काष्टीला थांबत नाही."

"जाते तर थांबत का नाही?"

मी 'स्टेशन लहान आहे' वगैरे काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला. आमच्या शेतापासून रुळांचा आवाज ऐकत आम्ही मोठे झालो. गावाला स्टेशन आहे, दौंड सोडलं की नगरच्या दिशेनं पहिलंच. तरी लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या आमच्याकडे न बघता निघून जातात. ही लाईन नक्की कुणासाठी टाकली होती? आणि सुट्टी संपवून घरी परतणं ही जी आपल्याला इतकी साधी गोष्ट वाटते, ती शक्य कधीपासून झाली?

आज तेच बघू.

लाईन टाकली ती शॉर्टकटसाठी

थोडा नकाशा डोळ्यासमोर आणा. मुंबईहून निघालेली रेल्वे कल्याणला दोन फाटे घेते. एक थळ घाटातून नाशिक, मनमाड, भुसावळकडे जातो. दुसरा बोरघाटातून पुणे, दौंड, सोलापूरकडे. खंडाळा ते पुणे ही लाईन १८५८ साली सुरू झाली आणि बोरघाट पूर्ण होऊन मुंबई-पुणे सलग जोडलं गेलं ते १८६३ साली.

आता समजा तुम्हाला उत्तरेतून माल घेऊन दक्षिणेत जायचंय. मग थळ घाट उतरा, कल्याणला या, परत बोरघाट चढा. दोन घाट, तेही विनाकारण. म्हणून दौंड आणि मनमाड यांना थेट जोडणारी सुमारे १४५ मैलांची, म्हणजे साधारण २३५ किलोमीटरची लाईन टाकायचं ठरलं. सरकारी पैशातून बांधलेली ही 'धोंड-मनमाड स्टेट रेल्वे'. धोंड म्हणजे आपलं दौंड, इंग्रजांच्या स्पेलिंगमधून आलेलं. ती १८७८ साली सुरू झाली.

आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला बायपास म्हणू, तसा हा प्रकार. दोन मोठ्या सिस्टिम थेट जोडून टाकायच्या. मधली गावं या डिझाइनमध्ये कुठेच नव्हती, ती फक्त वाटेत लागत होती. त्यामुळे पुतणीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे: ही लाईन काष्टीकडे येण्यासाठी नव्हतीच, काष्टीवरून पुढे जाण्यासाठी होती.

पण उत्तर इथं संपत नाही. कारण डिझाइनमध्ये नसलेली माणसं बांधकामात मात्र होती.

१८७७: कामावरचे लोक

१८७५ साली भीमेच्या खोऱ्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रं जाळली. दख्खनचे दंगे म्हणून शाळेत आपण हे दोन मार्कांसाठी वाचतो. तो वणवा नगर जिल्ह्यात आमच्या श्रीगोंदा तालुक्यापर्यंतही पोचला होता. म्हणजे कर्जानं माणसं आधीच पिचलेली. त्यावर १८७६ चा पाऊस गेला. पुढची दोन वर्षं दख्खन आणि दक्षिण भारतात जो दुष्काळ पडला, त्यात नुसत्या ब्रिटिश मुलखात ५५ लाखांच्या आसपास माणसं मेल्याचा अंदाज सांगितला जातो. काही अंदाज याहून पुष्कळ मोठे आहेत.

सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, तलाव आणि धोंड-मनमाड रेल्वेचा मातीचा भराव. गावं सोडून आलेली बायका-माणसं-पोरं डोक्यावर पाट्या वाहत होती, खडी फोडत होती.

१८७७ च्या सुरुवातीला व्हाइसरॉय लिटननं सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याला दुष्काळी भागात पाठवलं. काम एकच, खर्च कमी करणं. त्यानं पुरुषाची मजुरी ठरवली ती अशी: दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला. घरी एकदा किचनच्या काट्यावर साडेचारशे ग्रॅम ज्वारी मोजून बघा, मी बघितली. वाटीत घेतली की बरी वाटते. मग दिवसभराच्या अंगमेहनतीचा हिशोब करा.

लोक गप्प बसले नाहीत. कमी मजुरी आणि घरापासून दूरच्या मोठ्या कामांवर जायची सक्ती, याविरुद्ध दख्खनमधल्या हजारो मजुरांनी दुष्काळी कामं सोडून दिली. उपाशी माणसांनी केलेला संप! पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. आणि गंमत बघा, हेच टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. १८७८ ला आमची लाईन सुरू झाली तेव्हा गव्हर्नर तेच होते.

दौंडहून गाडी भीमेचा पूल ओलांडून नगर जिल्ह्यात शिरते. तो भराव मी लहानपणापासून बघतोय. त्या मातीत कुणाच्या पाट्या रिकाम्या झाल्या, त्यांची नावं कुठल्याही पाटीवर लिहिलेली नाहीत.

गाडी सहाची, पण कुणाच्या घड्याळानं?

आता जरा हलकं बोलू. समजा १८८० साल आहे. तुम्ही पुण्यात पाहुणे म्हणून आलाय, उद्या घरी परतायचंय. गाडी सकाळी सहाला. तुम्ही घरच्या घड्याळात साडेपाच बघून निवांत चहा घेताय... आणि गाडी त्याच क्षणी स्टेशन सोडतेय.

कारण तेव्हा टाइमझोन होते. खरेखुरे. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. मद्रासची ५ तास २१ मिनिटं पुढे. रेल्वेनं सगळीकडे एकच वेळ हवी म्हणून १८७० च्या सुमारास मद्रासची वेळ घेतली. म्हणजे रेल्वेचं घड्याळ मुंबईच्या घड्याळापेक्षा बरोब्बर अर्धा तास पुढे. पुण्याचा सूर्य मुंबईच्या चार मिनिटं आधी उगवतो, तेव्हा इथंही फरक जवळजवळ तेवढाच. टाइमझोनच्या बगवर रात्री दोन वाजता काम केलेल्या प्रत्येक डेव्हलपरला मी हे समर्पित करतो.

१८८१ साली सरकारनं मुंबई शहरावरही मद्रास वेळ लादायचा प्रयत्न केला. लोकांनी इतका विरोध केला की दोन वर्षांत तो मागे घ्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून आजची भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत काही ठिकाणी 'मुंबई टाइम' चालू राहिली ती थेट १९५५ पर्यंत. आपली वेळ सोडायला माणसं लवकर तयार होत नाहीत.

शेवटचा दिवस यायला आधी सुट्टी लागते

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी आपण किती उदास होतो, नाही का? पण त्यासाठी मुळात सुट्टी असावी लागते. आणि मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्या माणसाला १८९० पर्यंत आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती.

ती मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सत्यशोधक चळवळीतला, महात्मा फुल्यांबरोबर काम केलेला माणूस. 'दीनबंधू' वृत्तपत्र त्यांनी चालवलं. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, त्यात कामगार स्त्रियांनीही भाषणं केली. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

म्हणजे रविवारी संध्याकाळी पाच वाजता आपल्या पोटात जो गोळा येतो ना, "उद्या परत ऑफिस", तो गोळासुद्धा कुणीतरी लढून मिळवलाय!

घरी जाण्याची घाई

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गावाकडे निघाली. सुट्टी नाही, सण नाही, फक्त घर गाठायचं. त्यांच्याबरोबर रोगही प्रवास करत होता. १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, स्टेशनांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली. ज्या लोखंड्यांनी रविवार मिळवून दिला, ते प्लेगच्या रुग्णांसाठी काम करताना ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगनंच गेले.

पुणे-दौंड मार्गावर यवतच्या पुढे केडगाव लागतं. आम्ही तिथून जाताना पुतणी खिडकीतून चिंच विकणाऱ्या बाईकडे बघत होती. याच केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ, उपाशी मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागले म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर ठेवलं आणि तिथंच मोठी संस्था उभी राहिली. त्या मुलींनीही रेल्वेचाच प्रवास केला होता. फक्त त्यांच्याकडे परतीचा नव्हता.

१ जून १९४८

रेल्वे रुळांवरून हलत नाही, आणि बहुतेक गावं रुळांपासून लांब. तिथं खासगी सर्व्हिस मोटारी चालायच्या. गाडी भरली की सुटायची, नाही भरली तर बसून राहायची.

१ जून १९४८ ला मुंबई राज्य सरकारची पहिली एसटी सुटली. कुठून कुठे? पुणे ते नगर! चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. आज राज्यभर धावणाऱ्या लाल परीचा पहिला प्रवास आमच्या जिल्ह्याकडे झाला, याचा नगरकरांना जो अभिमान आहे तो मी लपवणार नाही. ती गाडी शिरूर मार्गानं गेली, काष्टीवरून नाही. पण हळूहळू एसटी तालुक्यातून गावात, गावातून वाडीत शिरली.

रेल्वेत आणि एसटीत मला मोठा फरक वाटतो तो हा. एसटीला हात केला की थांबते. म्हणजे, थांबावी अशी अपेक्षा तरी असते. 'गाव तिथे एसटी' यात गाव हे वाटेत लागणारी अडचण नाही, तेच जाण्याचं ठिकाण आहे.

आमचे आजोबा सांगायचे, ते लहानपणी पुण्याला मावशीकडे गेले की परतताना मावशी एक चिठ्ठी द्यायची आणि वर तोंडीही सांगायची, कारण चिठ्ठी हरवली तरी निरोप पोचला पाहिजे. निरोप कायम सारखाच असायचा: पोराला सुखरूप पाठवलंय, पोचल्याचं कळवा. पोचल्याचं पत्र जायला चार दिवस लागायचे. चार दिवस मावशीनं काळजीत काढायचे. आपण आता लाइव्ह लोकेशन पाठवतो आणि तरी दर अर्ध्या तासाला आईचा फोन येतोच!

माझी आजी पंचाहत्तरीच्या पुढची आहे. २०२२ पासून तिला एसटी मोफत आहे, आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. त्यामुळे आमच्या घरात सध्या सगळ्यात जास्त प्रवास आजी करते. काम विचारलं तर सांगते, "काही नाही, जाऊन येते."

२०२०: न आलेला शेवटचा दिवस

आता माझी गोष्ट. मार्च २०२०. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. कंपनीनं दोन आठवडे घरून काम करा सांगितलं. शुक्रवारी, २० मार्चला, मी लॅपटॉप आणि दोन टीशर्ट घेऊन काष्टीला आलो. रविवारी जनता कर्फ्यू होता, सोमवारी सकाळी परत जाऊन आणखी कपडे आणायचा बेत होता.

रविवारी रात्रीच प्रवासी गाड्या बंद झाल्या. मग एसटी बंद. मंगळवारी रात्री आठ वाजता लॉकडाऊनची घोषणा. राज्यानं वापरलेला कायदा कोणता? १८९७ चा, प्लेगवाला.

मी घरात अडकलो, पण स्वतःच्या घरात. रेंजसाठी स्लॅबवर छत्री घेऊन बसायचो आणि तिथून मीटिंग करायचो. काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार लांबलांबच्या व्यापाऱ्यांनी फुललेला असतो, ते मैदान मी पहिल्यांदा रिकामं बघितलं. सगळ्यात विचित्र होती शांतता. मालगाडी सोडली तर रुळांवरून काहीच जात नव्हतं. आजी म्हणाली, "गाडीचा आवाज नाही तर टाइमच कळंना."

आणि त्याच वेळी रस्त्यानं माणसं चालत होती. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. ८ मे २०२० च्या पहाटे जालना-औरंगाबाद लाईनवर करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून चालत निघाले होते, मध्य प्रदेशात घरी जाण्यासाठी. गाड्या बंद आहेत असं समजून ते रुळांवर टेकले होते. ती लाईन पुढे मनमाडलाच येते, जिथून आमची लाईन निघते.

मी तेव्हा जेवत होतो. मोबाइलवर फोटो आला, रुळांवर पडलेल्या पोळ्यांचा. माझं पुढचं जेवण झालं नाही. आमच्या दोघांत, म्हणजे माझ्यात आणि त्या माणसांत, फरक फक्त एवढा होता की मी तीन दिवस आधी निघालो होतो आणि माझं घर पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर होतं.

तेव्हापासून मी घरी परतण्याला गृहीत धरत नाही. हा भाग करायचं खरं कारण ते आहे.

परत प्लॅटफॉर्मवर

तर, भाऊ आला. तिघं एका मोटारसायकलवर, मध्ये पोरगी, माझ्या मांडीवर बॅग. (हो, माहितीये, करू नका असं.) भीमेचा पूल ओलांडला, ऊस सुरू झाला, आणि दहा दिवस "मला पुण्यातच राहायचंय" म्हणणारी मुलगी घर दिसल्यावर गाडी थांबायच्या आधी उडी मारायला निघाली. आजीच्या हातात बांगड्या गेल्या. त्या लहान झाल्या. आजीनं तरी घातल्या, साबण लावून.

त्याच रात्री मी एसटीनं पुण्याला परतलो. सुट्टीचा शेवटचा दिवस तिचा होता तसा माझाही. तिला उलट्या दिशेनं जाताना रडू आलं, मला या दिशेनं. आजोबांच्या काळात सुट्टी पुण्यात असायची आणि घर काष्टीत. आता माझी सुट्टी काष्टीत असते. घर कुठे, हे मी अजून ठरवलेलं नाही. आई विचारत नाही, डबा देते.

पुतणीला मी फोनवर सगळं सांगितलं, तिला कळेल असं. शॉर्टकट, पाट्या वाहणारी माणसं, साडेचारशे ग्रॅम धान्य. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ज्यांनी बांधली, त्यांच्यासाठी तरी थांबली होती का?"

मला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा व्हॉइस मेसेज आला. मागे गाडीचा आवाज. "काका, आत्ता गेली बघ. मी शेतातनं हात केला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला!"

तर मंडळी, येत्या १ जूनला एसटीचा वाढदिवस आहे. त्या निमित्तानं घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न विचारा: तुम्ही पहिल्यांदा शहरातून घरी परत आलात ते कशानं? उत्तर रेकॉर्ड करून ठेवा, नंतर शोधून सापडत नाही. मी आजोबांचं केलं नाही.

पुढच्या भागात भेटू. आणि हो, पोचलात की कळवा.